विजेचा लांब मुदतीचा सौदा : बांधलेला भाव कोणता, हलणारा कोणता?

सुताचा आगाऊ सौदा आम्हा कापडवाल्यांना नवा नाही. तीन महिन्यांचे सूत आजच्या भावाने बांधून घ्यायचे, मग बाजार वर जावो की खाली. पण विजेचा असा सौदा, आणि तोही दहा-वीस वर्षांचा, होतो हे आपल्यापैकी थोड्याच व्यापारी बंधूंना ठाऊक असेल. अमेरिकेतील अनेक वीज कंपन्या बड्या गिऱ्हाइकांशी पवन आणि सौर विजेचे असे सौदे करतात. त्यांतील एक नमुना आज समजून घेऊ.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात 'प्यूजेट साउंड एनर्जी' ही वीज कंपनी आहे. आपल्या भागातील कंपनी सोडून दुसरीकडून वीज घेण्याची सोय तेथील साधारण गिऱ्हाइकाला नाही. ज्याला पवनचक्कीचीच वीज हवी, त्याने करावे काय? यासाठी कंपनीने 'ग्रीन डायरेक्ट' योजना काढली आणि 2017 साली पहिल्या टप्प्याचे करार झाले. गिऱ्हाइकांची मागणी आधी बांधली गेली, मग त्यांच्यासाठी स्कूकमचक येथे 137 मेगावॅटचा पवन प्रकल्प उभा राहिला. तो 2020 मध्ये सुरू झाला. गिऱ्हाईक हाताशी असले म्हणजे माल तयार करणाऱ्याला कर्ज मिळणे सोपे जाते, हे आपण जाणतोच.

अट अशी की वर्षाला किमान 1 कोटी युनिटचा खप हवा. सरकारी संस्थांना ही अट नाही. आता गंमत पाहा. स्टारबक्स ही चहा-कॉफीची दुकाने चालवणारी कंपनी त्यात आहे. एकेका दुकानाचा खप तो किती? परंतु कंपनीच्या भागातील सगळ्या मीटरांची बेरीज धरतात, म्हणून दुकानदारही 'बडा' ठरतो.

आता हिशेब, कारण गफलत येथेच होते. पवन विजेचा दर करारात पुढील अनेक वर्षांसाठी लिहिलेला असतो. त्याबदल्यात नेहमीच्या बिलातील विजेच्या किमतीचा भाग गिऱ्हाइकाला वजा करून मिळतो. तारा, खांब वगैरेंचा आकार भरावाच लागतो. वजा मिळणारी रक्कम मात्र बांधलेली नसते, कंपनीचे दर बदलले की तीही बदलते. समजण्यासाठी कल्पनेतले आकडे घेऊ. करारातील दर 5 रुपये आणि वजावट 4 रुपये 80 पैसे असेल तर एक लाख युनिटमागे 20 हजार रुपये जादा जातील. वजावट 5 रुपये 50 पैशांवर गेली तर 50 हजार वाचतील. म्हणजे ही स्वस्त वीज नव्हे. दर पुढे चढतील असे ज्याला वाटते त्याने केलेला हा सौदा आहे. मुदत दहा, पंधरा किंवा वीस वर्षे.

आपल्याकडे काय? महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये महावितरणच्या हरित विजेसाठी नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा आकार मंजूर केला. त्यात लांब मुदतीचा बांधलेला भाव नाही, फक्त वरची रक्कम आहे. दुसरा रस्ता खुल्या प्रवेशाचा. पूर्वी त्याला एक मेगावॅटची अट होती. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ती 100 किलोवॅटवर आणली, आणि 2023 मध्ये एकाच वीज विभागातील अनेक जोडण्यांची बेरीज धरण्याची मुभा दिली. साध्या यंत्रमागाला साधारण एक अश्वशक्तीची मोटर धरली तर 100 किलोवॅट म्हणजे सुमारे 130 माग. भिवंडी, मालेगावात एका घराचे इतके माग असणे नवलाचे नाही. पण भावाभावांच्या नावांवर वेगळी मीटरे असतील तर ती आपोआप एकत्र धरली जातील असे समजू नये. निर्यातीचे कापड करणाऱ्यांना तर परदेशी खरेदीदार हरित विजेचा दाखला विचारू लागले आहेत, त्यांनी याची चौकशी लवकर करावी.

करार पुढे आला की दलालाला तीन गोष्टी विचाराव्यात: भाव दरवर्षी वाढतो का, वहन आणि अधिभार कोणाच्या माथी, आणि मध्येच सोडल्यास भरपाई किती. शेड अकरा महिन्यांच्या भाडेकराराची असेल तर सहीपूर्वी जागेच्या मालकाशीही बोलून घ्यावे. शेड सुटली तरी विजेचा करार सुटत नाही.