शेवटचा गडी

इंग्लंडात हिवाळा आला म्हणजे दिवस लहान होतात, झाडे निष्पर्ण होतात आणि पावसाने भिजलेल्या कुरणांत चिखल माजतो. अशा दिवसांत लोक शेकोटीजवळ बसून राहत असतील, असे तुम्हांला वाटेल. परंतु तेथील कितीतरी मुले आणि मोठी माणसे याच दिवसांची वाट पाहत असतात. हा क्रॉस कंट्री शर्यतींचा हंगाम होय.

ही शर्यत आखलेल्या सपाट मैदानावर होत नाही. टेकडीचे चढ-उतार, झाडीतील पायवाटा, ओली कुरणे आणि घोट्यापर्यंतचा चिखल यांतून धावावे लागते. पाय घसरू नये म्हणून धावणारे खिळ्यांचे बूट घालतात.

या शर्यतीचा उगम शाळकरी मुलांच्या एका खेळात आहे. एक-दोन मुले 'ससे' होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळत आणि बाकीची मुले 'शिकारी कुत्री' होऊन त्या मागावर धावत. पुढे मोठ्यांनाही या खेळाची गोडी लागली. १८६८ साली लंडनजवळ त्यासाठी 'टेम्स हेअर अँड हाउंड्स' हे मंडळ स्थापन झाले. १८७६ साली एपिंगच्या अरण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पण सर्वच धावणारे वाट चुकले आणि ती शर्यत रद्द करावी लागली!

आता ठिकठिकाणची मंडळे एकत्र येऊन हिवाळाभर शर्यतींची मालिका भरवितात. काही आठवड्यांच्या अंतराने एकेक फेरी होते. प्रत्येक फेरीत संघातील ठरावीक गड्यांच्या क्रमांकांची बेरीज करतात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी.

या हिशेबात एक गंमत आहे. समजा, दोन संघांचे पाच-पाच गडी धावले. पहिल्या संघाचे गडी १, २, ८, ९ आणि १० या क्रमांकांवर आले, बेरीज ३०. दुसऱ्या संघाचे गडी ३, ४, ५, ६ आणि ७ या क्रमांकांवर आले, बेरीज २५. पहिले दोन्ही क्रमांक पटकावूनही पहिला संघ हरला!

आता पुढची फेरी जवळ आली आहे. पहिल्या संघाने काय करावे? त्याच्या पहिल्या गड्याच्या पुढे तर जागाच उरलेली नाही. तो कितीही वेगाने धावला तरी बेरीज एकानेही कमी होणार नाही. ती कमी करणे मागच्या तिघांच्याच हाती आहे. त्यांनी नेटाने सराव केला आणि पुढच्या फेरीत ते ६, ८ व ९ या क्रमांकांवर आले, तर संघाची बेरीज २६ होईल. प्रतिपक्षाची २९ भरेल. म्हणजे पारडे फिरविणारे गडी मागे धावत असतात.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिकमध्ये ही शर्यत भर जुलैच्या रणरणत्या उन्हात झाली. ३८ जण निघाले. त्यांपैकी १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला व त्याचाच देशबांधव विले रिटोला दुसरा आला. तथापि सांघिक पदकासाठी तीन गडी पोहोचणे आवश्यक होते. फिनलंडचे आणखी तिघे वाटेतच गळाले. उरला होता एक हेइक्की लीमाताइनेन. उन्हाने त्याची शुद्ध हरपत चालली होती. तरीही त्याने कशीबशी अंतिम रेषा ओलांडली. त्याचा क्रमांक होता बारावा. पण त्या बाराव्या क्रमांकामुळेच फिनलंडला सांघिक सुवर्णपदक मिळाले.

म्हणूनच अशा शर्यतीत पहिला गडी पोहोचला तरी प्रेक्षक लगेच पांगत नाहीत. चिखलाने माखलेला, धापा टाकणारा मागचा धावपटू चढावर दिसला की त्याच्या संघाचे लोक त्याला हाका मारू लागतात. आपण एकाला जरी मागे टाकले तरी संघाची बेरीज एकाने उतरते, हे तोही जाणून असतो. आणि दमलेले पाय पुन्हा उचलतो.

स्वाध्याय
१. १८७६ सालची स्पर्धा रद्द का करावी लागली?
२. लीमाताइनेनच्या बाराव्या क्रमांकाला एवढे महत्त्व का आले?
३. तुमच्या वर्गाचे दोन संघ करून धावण्याची शर्यत लावा आणि क्रमांकांच्या बेरजेवरून विजयी संघ ठरवा.