डबल्समधला हल्लेखोर : भाच्याला पत्र

हिंगणघाट

चि. छोटूस,


तुझी टीम पाहिली. सहा पोकेमॉन, त्यातले चार नुसते मारणारे. प्रत्येकाच्या हल्ल्याला 252 ईव्ही (आपण वाटून द्यायचे वाढीचे गुण), स्पीडला 252, उरलेले 4 कुठेतरी टाकून दिलेले. आणि खाली तुझा प्रश्न, की यांच्याहून जोरात मारणारा कोणता घेऊ? उत्तर आधीच देऊन टाकतो : आणखी जोराचा कोणी घेऊ नकोस. तुझ्या टीममध्ये जोर भरपूर आहे. कोणाला पाडायचं, कितव्या टर्नला पाडायचं आणि तोवर या हल्लेखोराला जिवंत कोण ठेवणार, हे मात्र कुठेच ठरलेलं दिसत नाही. डबल्समध्ये हल्लेखोर घडवायचा तो या तीन प्रश्नांपासून. ईव्हीचे आकडे सगळ्यात शेवटी येतात. तू ते सगळ्यात आधी भरलेस.

सिंगल्सच्या सवयी इथे का चालत नाहीत ते बघ. मैदानात एका वेळी चार पोकेमॉन असतात, म्हणजे तुझ्या एका हल्लेखोरावर एकाच टर्नला दोन वार पडू शकतात, आणि समोरचा शहाणा असेल तर पडतातच. सहातले चारच आणता येतात, त्यामुळे एक फुकट गेला की पाव टीम गेली. हीट वेव्ह किंवा रॉक स्लाइडसारखे दोघांना लागणारे वार प्रत्येकाला तीन चतुर्थांश ताकदीनेच लागतात. अर्थक्वेक तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच माणसालाही सोडत नाही. अशा ठिकाणी हल्लेखोराचं मोल दोनच गोष्टींवरून करावं : डावभरात त्याला किती वार करायला मिळाले आणि त्या वारांनी कोण पडलं. बॅडमिंटनच्या दुहेरीत हे उघड्यावर दिसतं. सात्विकसाईराजच्या स्मॅशची नोंद ताशी 565 किलोमीटर अशी आहे, 2023 ची. तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण स्मॅश मारायला शटल आधी उंच उठावं लागतं, आणि ते उठवायला समोरच्यांना भाग पाडण्याचं काम बरेचदा जाळ्यापाशी उभा असलेला आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी करतो. 565 ची नोंद सात्विकच्या नावावर आहे; हांगझोऊच्या एशियाडचं सुवर्ण दोघांच्या नावावर आहे.

आता आकड्यांवर येऊ, कारण नुसत्या शब्दांनी तुझं समाधान होणार नाही. तुझी फ्लटर मेन घे. पन्नासाव्या लेव्हलला, 252 ईव्ही आणि टिमिड नेचर धरून तिचा स्पेशल अटॅक 187 होतो. समोर इन्सिनेरोर आहे, त्याची एचपी पूर्ण वाढवलेली म्हणजे 202, आणि स्पेशल डिफेन्सला काही दिलेलं नाही म्हणजे 110. मूनब्लास्ट मारलास तर 93 ते 109 नुकसान होतं. तुला वाटेल की इथे चॉइस स्पेक्स हवेत. स्पेक्स लावलेस तर तोच वार 136 ते 162 होतो. म्हणजे दीडपट झाला, पण इन्सिनेरोर उभाच आहे आणि त्याच टर्नला पार्टिंग शॉट मारून निघूनही जाईल. दुसऱ्या मूनब्लास्टने तो नक्की पडेल, हा स्पेक्सचा फायदा मी नाकारत नाही. बिनस्पेक्सच्या दोन वारांत तो पडेलच अशी खात्री नसते. पण तो दुसरा टर्न तुला मिळणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. आता स्पेक्स काढ आणि शेजारी ची-यू उभा कर. त्याच्या अ‍ॅबिलिटीने मैदानातल्या बाकी सगळ्यांचा स्पेशल डिफेन्स पावभर उतरतो. तोच मूनब्लास्ट 120 च्या पुढे जातो आणि उरलेलं काम ची-यूचा वार त्याच टर्नला उरकू शकतो. दोघांनी मिळून 202 गाठायचे आहेत, एकट्याने नाही. (ची-यू आपल्या जोडीदाराचाही स्पेशल डिफेन्स उतरवतो, हे विसरू नकोस. फ्लटर मेन त्याच्या शेजारी उभी राहिली की तीही तेवढीच उघडी पडते.)

म्हणून प्रत्येक हल्लेखोरापुढे आधी एक वाक्य लिहावं : हा अमक्याला इतक्या वारांत पाडतो. पाडायला जितके गुण लागतात तितकेच हल्ल्यात घालावेत, त्यापुढचा प्रत्येक गुण वाया गेला असं समजावं. गेमसुद्धा प्रत्येक वाराला 85 ते 100 टक्क्यांमधला एक आकडा चिठ्ठीसारखा काढतो, तेव्हा हिशेब नेहमी खालच्या टोकावर बसवावा. कॅल्क्युलेटरमधला मोठा आकडा बघून खूश होणारा हरतो, आणि मग नशिबाला दोष देतो.

वार कसला आहे हेही ताकदीइतकंच महत्त्वाचं. डबल्समध्ये इन्सिनेरोर इतका दिसतो त्याचं एक मोठं कारण त्याची इंटिमिडेट अ‍ॅबिलिटी : तो मैदानात आला की समोरच्या दोघांचाही अटॅक दोन तृतीयांशावर येतो. तू हौसेने 252 भरलेला फिजिकल हल्लेखोर त्याच्या पहिल्या पावलालाच एक तृतीयांश थंड होतो. आता रॅपिड स्ट्राइक उर्शिफू बघ. त्याच्या सर्जिंग स्ट्राइक्सची ताकद फक्त 25 आहे. यादीत बघून तू ती ओलांडून गेला असशील. पण ती तीनदा लागते, दर वेळी क्रिटिकल लागते, आणि क्रिटिकल वार मारणाऱ्याचा उतरलेला अटॅक जमेस धरत नाही. जॉली नेचर आणि 252 ईव्हीला त्याचा अटॅक 182 होतो. वरच्याच इन्सिनेरोरच्या डिफेन्सला काही दिलेलं नसेल तर प्रत्येक फटका किमान 74, तीन मिळून 222. हातात कुठलीही वस्तू नाही, टेरा नाही, वर इंटिमिडेट बसलेली, तरी 202 एचपीचा इन्सिनेरोर त्या वारात जातो. शिवाय त्याची अ‍ॅबिलिटी अशी की अंगाला भिडणारा वार, टर्नभर वार अडवणाऱ्या प्रोटेक्टमधूनही आत शिरतो. जोर म्हणजे काय, याचं उत्तर तू मूव्हच्या ताकदीच्या रकान्यात शोधतोस. ते समोर कोण उभा आहे त्याच्यात शोध.

स्पीडबद्दल तुझा आग्रह मला जास्त समजतो, कारण आधी मारणाऱ्याला अर्धा डाव जिंकल्यासारखं वाटतं. पण 252 टाकून मोकळं होण्यापूर्वी विचार, की कोणाच्या पुढे जायचंय? टिमिड फ्लटर मेनचा पूर्ण स्पीड 205 असतो. ची-यूला स्पीडमध्ये एकही ईव्ही दिला नाहीस तर त्याचा स्पीड 120. एकटा असेल तर तो मागे राहिला. पण शेजारच्याने स्पीड दुप्पट करणारं टेलविंड लावलं की 240 झाला आणि तो पुढे गेला. मग तिथे ओतलेले 252 ईव्ही, म्हणजे पन्नासाव्या लेव्हलचे 32 गुण, एचपीत घालून 130 ची 162 एचपी केलेली काय वाईट? अर्थात समोरच्या फ्लटर मेनकडे बूस्टर एनर्जी असेल आणि तिने स्पीड वाढवला असेल, तर ती 307 वर जाते. तिथे मॉडेस्ट ची-यू पूर्ण 252 घालूनही 152 वर अडतो, टेलविंडमध्ये 304, म्हणजे तीन आकड्यांनी हुकला. तेच टिमिड नेचर घेऊन 156 ईव्ही दिलेस तर 154 होतो, टेलविंडमध्ये 308. एका आकड्याने पुढे गेला, आणि 96 ईव्ही एचपीसाठी उरले. किंमत म्हणून स्पेशल अटॅक 205 चा 187 झाला. ती द्यायची की नाही, हे तुझ्या टीममध्ये बूस्टरवाल्या फ्लटर मेनला पाडणारा दुसरा कोणी आहे का यावर ठरेल. असला तर दे सोडून, आणि मॉडेस्ट घे. सगळीकडे 252 टाकणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, तिथेच त्याचं नुकसान होतं.

यावर तू म्हणशील, की टेलविंड लागलंच नाही तर? रास्त आहे. म्हणून टेलविंड लावणाराही नीट निवडावा लागतो. व्हिम्सिकॉटच्या प्रँक्स्टरमुळे टेलविंड इतर साध्या मूव्ह्जच्या आधी लागतं आणि जोडीदार त्याच टर्नला वेगवान होतो. पण इन्सिनेरोरच्या फेक आउटचा क्रम त्याच्याही आधीचा आहे, आणि ते लागलं की व्हिम्सिकॉट त्या टर्नला गप्प. तेव्हा हल्लेखोराला एक टर्न जागेवर तग धरता आला पाहिजे. आणि इथेच तुझ्या टीममधली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट येते. चारही हल्लेखोरांत एकाकडेही प्रोटेक्ट नाही.

तुझा युक्तिवाद मला ठाऊक आहे. चार मूव्ह्जमधली एक जागा प्रोटेक्टला दिली की तेवढा वार कमी झाला, आणि चॉइस वस्तू लावली की एकाच मूव्हला बांधलं जाऊन प्रोटेक्ट ठेवण्यात अर्थ उरत नाही. दोन्ही खरं आहे. पण समोरच्या दोघांनी मिळून तुझ्या एका हल्लेखोरावर नेम धरला आणि तू त्याच टर्नला प्रोटेक्ट केलंस, तर त्यांचे दोन वार वाया जातात आणि तुझ्या जोडीदाराचा एक मोकळा वार लागतो. चौथ्या प्रकारच्या कुठल्या हल्ल्याने एवढा फायदा होतो ते मला दाखव. समोरचं टेलविंड चारच टर्न टिकतं, स्पीडचा क्रम उलटवणारी ट्रिक रूम पाच; त्यातला एक टर्न प्रोटेक्टने खाल्ला की त्यांचं भांडवल तेवढं कमी झालं. आणि तुझ्याकडे प्रोटेक्ट आहे एवढ्या शंकेनेसुद्धा समोरचा दोन्ही वार एकावर टाकायला कचरतो. चॉइस वस्तू वाईट नाहीत, पण टीममध्ये एखादीच असावी, आणि ज्याला ती दिली त्याची पाठ राखणारा शेजारी पक्का असावा. लाइफ ऑर्ब 1.3 पटच देतो आणि दर वाराला दहावा हिस्सा एचपी खातो, पण मूव्ह बदलायची मुभा ठेवतो. डबल्समध्ये ती मुभा मला जास्त मोलाची वाटते.

उर्शिफूसारखे एकटे पुरून उरतात, असं तू म्हणशील. त्याच्यासमोर रॉकी हेल्मेट घातलेला अमूंगस रेज पावडर मारून उभा राहू दे. तिन्ही फटके त्याच्याकडे वळतात, गवताला पाणी निम्मंच लागतं, आणि दर फटक्याला उर्शिफूचा सहावा हिस्सा जातो. एका वारात त्याने स्वतःची निम्मी एचपी घालवली! त्या अमूंगसला हटवणारा जोडीदार नसेल तर तुझा अजिंक्य हल्लेखोर स्वतःच स्वतःला मारून घेतो. याच्या उलट बाजूचा पुरावा 2014 च्या वॉशिंग्टनमधल्या जागतिक स्पर्धेचा आहे. दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्कने ती जिंकली, आणि आजही लोक त्याच्या टीममधल्या कोणाचं नाव घेतात? गॅराडोसचं नाही, गार्चोम्पचंही नाही. पाचिरिसूचं. बेस अटॅक 45, सगळ्या बेस आकड्यांची बेरीज 405, जिला कोणी ढुंकून बघत नव्हतं अशी खार. ती फॉलो मी म्हणून समोरचे वार अंगावर घ्यायची आणि शेजारचा गॅराडोस मोकळेपणी मारायचा. गॅराडोसचे आकडे त्या वर्षी दुसऱ्यांकडेही होतेच.

मग ती टीमच जशीच्या तशी उतरवली तर? विजेत्यांच्या टीमा अभ्यासाव्यात, पण त्यांचे ईव्ही त्या त्या वेळच्या शत्रूंसाठी मोजलेले असतात. नियमावली बदलली, एखादा पोकेमॉन बाद झाला किंवा नवा आला, की 154 स्पीडचं कारणच नाहीसं होतं आणि तू मात्र तो आकडा वाहत बसतोस. मोठ्या स्पर्धांत टीमचं पत्रक समोरच्याला दिसतं : पोकेमॉन, वस्तू, अ‍ॅबिलिटी, मूव्ह्ज, टेरा टाइप. ईव्ही आणि नेचर तेवढे झाकलेले राहतात. तुझ्याकडे लपवायला उरतं ते एवढंच, आणि तिथे तू सगळ्या जगाला माहीत असलेलं 252-252 ठेवलं आहेस.

सराव करायला स्विच हवा, तो हिंगणघाटात कोणाकडे आहे, असं आईपाशी कुरकुरू नकोस. पोकेमॉन शोडाउन मोबाइलच्या ब्राउझरवर फुकट चालतं, डॅमेज कॅल्क्युलेटरही फुकट आहे, आणि मी वर केलेला प्रत्येक हिशेब तुला त्यावर दहा मिनिटांत ताडून बघता येईल. बघच, माझ्यावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नकोस. एका डावाच्या लढतींपेक्षा तीन डावांच्या खेळ. एका डावात आंधळा जोर खपून जातो, आणि तुला तेच पटत राहील. दुसऱ्या डावाला समोरच्याला तुझी चाल कळलेली असते.

आता नवी टीम बांधलीस की मला नुसती नावं आणि आकडे पाठवू नकोस. प्रत्येक हल्लेखोरापुढे तीन ओळी लिही : कोणाला किती वारांत पाडतो, कोणाच्या पुढे पळतो, आणि त्याच्या शेजारी कोण उभा राहतो. ज्याच्यापुढे तिसरी ओळ लिहिता येणार नाही, त्याला टीममधून काढ आणि मगच पाठव.

तुझा,
मामा