घरचे गार फळदही

वैशाखाचे दिवस होते. ऊन मी म्हणत होते. आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले. नाशिककडचे मालेगाव निराळे. इकडे वैशाखात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. गुरे झाडाखालून हलत नाहीत. माणसाला सारखे गार खावेसे वाटते. पोरांचे तर विचारूच नका.

अशाच एका सकाळी शेजारची आजी आमच्या ओट्यावर आली. ही आजी आमच्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकली. आता ती स्वतःची सही करते, एस. टी.ची पाटी वाचते. पण त्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता.

"गुरुजी, नातवाले रातभर जुलाब झाले जी. काल बाजारात त्यानं बरफाचा लाल गोया खाल्ला."

आम्ही लगेच तिच्या घरी गेलो. पोर मलूल पडले होते. ओठ सुकले होते. आम्ही उकळून गार केलेले एक लिटर पाणी घेतले. त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवले. ते घोट घोट पाजत पोराला सरकारी दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी पोर खेळू लागले.

आजी म्हणाली, "आता या घरात बरफाचं नाव काढू देत नाही."

आम्ही म्हणालो, "आजी, बर्फाचा काय दोष? ज्या पाण्याचा बर्फ केला, ते पाणी वाईट होते."

पुष्कळांना वाटते की, गारठ्याने रोगजंतू मरतात. तसे नाही. उकळल्याने जंतू मरतात. गोठवल्याने बरेचसे नुसते झोपी जातात. बर्फ पोटात वितळला की ते पुन्हा जागे होतात. म्हणून घाण पाण्याचा बर्फ घाणच.

मग पोरांनी गार खायचेच नाही काय? खावे. पण घरी करून खावे. या पाठात आपण घरचे गार फळदही कसे करावे ते शिकू. शहरात यालाच फ्रोझन योगर्ट म्हणतात. नाव परके आहे, वस्तू परकी नाही. आम्रखंड आपल्या ओळखीचे आहे. दह्याचा चक्का, आंब्याचा रस आणि साखर. हे आम्रखंडाचेच गोठवलेले भावंड समजा.

आधी अंक वाचा

आम्ही आजीच्याच घरी हे करायचे ठरवले. त्या वेळी तिची म्हैस आटली होती. म्हणून सुनेने दुकानातून दुधाची पिशवी आणली. आजीने पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी केली. एका जागी बोट ठेवून ती अंक जुळवू लागली. मग एकदम म्हणाली,

"गुरुजी, हे दूध तर परवाच संपलं जी!"

आम्ही पाहिले. आजीचे खरे होते. दूध वापरण्याची शेवटची तारीख दोन दिवसांपूर्वीची होती. सून पिशवी परत घेऊन गेली. दुकानदाराने मुकाट्याने बदलून दिली. आम्ही चाळीस वर्षे शिकवले. पण ती पिशवी तशीच विरजायला घेतली असती, हे कबूल करतो.

पिशवीवरचे अंक बहुधा इंग्रजी असतात. म्हणून मराठी अंकांबरोबर इंग्रजी अंकही ओळखायला शिकावे. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, अशी तारीख वाचावी.

साहित्य

आठ लहान वाट्या होतील एवढे माप देतो.

म्हशीचे दूध : १ लिटर
आंब्याचा रस : पाव किलो
साखर : १५० ग्रॅम
वेलदोडे : २
मीठ : चिमूटभर
बर्फ : ३ किलो
खडेमीठ : १ किलो

शिवाय घट्ट झाकणाचा दोन लिटरचा स्टीलचा डबा, एक बादली, पांढरे पातळ फडके, लाकडी उलथणे आणि एक बारदान.

डबा स्टीलचाच घ्यावा. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकते. कळकलेले दही पोटात गेले तर उलट्या होतात. आपल्या आज्या-पणज्या हे जाणत होत्या. म्हणून त्या दही मडक्यात लावीत.

कृती

१. दूध चांगले उकळावे. कच्च्या दुधातून माणसाला आजार होऊ शकतात. मग कोमट करावे. बोट सहन करील इतकेच ऊन असावे. त्यात चमचाभर विरजण घालून झाकून ठेवावे. उन्हाळ्यात सहा-सात तासांत दही लागते.

२. फडके उकळत्या पाण्यातून काढून पिळावे. त्यात दही बांधून सावलीत टांगावे. खाली भांडे ठेवावे. दोन तास पुरे. श्रीखंडासारखे रातभर टांगू नये. उन्हाळ्यात आंबट होते. साधारण अर्धा किलो दाट दही मिळते.

३. खाली निथळलेले पाणी फेकू नये. त्यात कस असतो. कणीक भिजवायला किंवा कढीला वापरावे.

४. आंबे धुऊन रस काढावा व चाळणीतून गाळावा. दही, रस, साखर, वेलदोड्याची पूड व मीठ एकत्र करून रवीने घुसळावे. साखर पूर्ण विरघळली पाहिजे. चाखून पाहावे. जरा जास्त गोड लागले तरी चालते. कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. साखर फार कमी केली तर मात्र दगडासारखे गोठते.

५. मिश्रण डब्यात ओतावे. डबा काठोकाठ भरू नये. वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा. कारण गोठताना ते फुगते. झाकण घट्ट लावावे.

६. बर्फ पोत्यात घालून बारीक फोडावा. बादलीत तळाला बर्फाचा थर द्यावा. त्यावर डबा ठेवावा. भोवती तीन मुठी बर्फ, एक मूठ खडेमीठ, असे थरावर थर द्यावे. बर्फ झाकणाच्या दोन बोटे खालीच राहू द्यावा.

७. बादलीला बारदान गुंडाळावे. खाली-भोवती कुटार पसरले तर आणखी चांगले. बाहेरची ऊब आत शिरत नाही.

८. आता डबा धरून अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, असा फिरवत राहावा. दर दहा मिनिटांनी झाकण पुसून उघडावे. कडेला गोठलेले थर उलथण्याने खरवडून मधे ढकलावे. हे काम आळसाने करू नये. न हलवता गोठवले तर बर्फाचे मोठे खडे होतात, दाताखाली कचकचतात. हलवत राहिले तर खडे बारीक राहतात आणि लोण्यासारखे मऊ होते.

९. पाऊण तासात मिश्रण दाट होते. मग झाकण लावून बादलीवर जाड कापड टाकावे. तासभर हात लावू नये. नंतर वाढावे.

घरी फ्रीज असेल तर बर्फमिठाची गरज नाही. डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. दर अर्ध्या तासाने काढून ढवळावा. असे चार-पाच वेळा करावे.

बर्फात मीठ कशाला?

आजीच्या सुनेने विचारले, "गुरुजी, मीठ काहून टाकता? बरफ तर आधीच गार हाय."

प्रश्न चांगला आहे. माठातले पाणी गार का होते? माठ पाझरतो. पाझरलेले पाणी वाऱ्याने सुकते. सुकायला त्याला ऊब लागते. ती ऊब ते आतल्या पाण्यातून ओढते. म्हणून आतले पाणी गार होते.

बर्फाचेही तसेच आहे. वितळायला बर्फाला ऊब लागते. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो. तेवढ्या गारीने साखरेचे दही गोठत नाही. पण मीठ लागले की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो. वितळताना तो डब्यातल्या दह्याची ऊब ओढून घेतो. भोवतालचे खारे पाणी शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरते. मग दही गोठते. म्हणून या पाण्यात हात बुडवून ठेवू नये. फार गारीनेही कातडी भाजते.

ही युक्ती जुनी आहे. इ. स. १८४३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईने दांडा फिरवून आइस्क्रीम करण्याच्या यंत्राचा हक्क नोंदवला. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत ज्या पॉटचा दांडा सगळी पोरे पाळीपाळीने फिरवीत, तो त्याच जातीचा. त्याआधी, १८३३ साली, अमेरिकेच्या बोस्टन बंदरातून बर्फाने भरलेले जहाज कलकत्त्याला आले होते. वाटेला चार महिने लागले. काही बर्फ वितळला, पण पुष्कळसा टिकला. कशाने? बाहेरची ऊब आत शिरू न दिल्याने! आपले कुटार तेच काम करते.

बर्फ कोणता घ्यावा?

कारखान्यातल्या लाद्या पुष्कळदा नुसत्या माल गार ठेवण्यासाठी असतात. त्या खाण्याच्या नव्हेत. म्हणून २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम केला की, न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यावा. निळा बर्फ दिसला की समजावे, हा पोटात घालायचा नाही.

आपल्या रीतीत बर्फ डब्याच्या बाहेर राहतो. तो दह्याला शिवत नाही. म्हणून बाहेरून कोणताही बर्फ चालतो. पण बर्फ फोडल्यावर हात साबणाने धुवावे, मगच डबा उघडावा. आणि पोरांना त्यातला खडा चोखायला देऊ नये.

कोणते फळ केव्हा?

उन्हाळ्यात आंबा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळ. सीताफळ पिकले की एकदम पिकते. निम्मी फळे खाण्याआधी फुटतात आणि उकिरड्यावर जातात. त्यांचा गर काढून असा वापरावा. पण गर चुलीवर शिजवू नये. सीताफळ तापले की कडू होते.

आपल्या वऱ्हाडात संत्री मुबलक. मृगबहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चपर्यंत मिळतात. संत्र्याच्या फोडी सोलून बिया काढाव्या, रस निथळू द्यावा, आणि दही गोठत आल्यावर शेवटी मिसळाव्या. आधी रस घातला तर पाण्याचे खडे होतात.

पपई व अननस कच्चे घालू नयेत. त्यांच्यामुळे दही कडवट होते. साखरेत शिजवून, गार करून घालावे.

आमची चूक

पहिल्यांदा आम्ही घरी हे केले, तेव्हा झाकण सैल होते. बर्फही झाकणावर लोटला होता. आम्ही मोठ्या ऐटीने डबा उघडला. पाव्हणे बसले होते. पहिला चमचा तोंडात गेला आणि सगळ्यांची तोंडे वाकडी झाली. खारे पाणी आत शिरले होते. घरची मंडळी म्हणाली, "हे गोड दही, का खारी कढी?" तेव्हापासून आम्ही झाकणाखाली स्वच्छ प्लास्टिकचा कागद ताणून बांधतो.

दुसरी एक गोष्ट. उरलेले खारे पाणी तुळशीत, झाडाच्या बुडाशी किंवा परसबागेत ओतू नये. मिठाने जमीन बिघडते.

शेवटी

त्या दिवशी आजीच्या अंगणात आठ वाट्या भरल्या. नातवाने वाटी चाटून पुसून स्वच्छ केली. आजी आधी घेईना. मग तिने चमचाभर जिभेवर ठेवले. थोडा वेळ डोळे मिटले. म्हणाली, "व माय! बरफ वाईट नाही जी, गुरुजी. पाहून-वाचून घेतलं पाह्यजे."

रात्री आजीला घाबरे वाटले होते. पोराला पुन्हा काही होते की काय, म्हणून ती दोनदा उठून त्याच्या पोटावर हात ठेवून आली. पोर शांत झोपले होते. हे तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितले.

लक्षात ठेवा

१. गोठवल्याने जंतू मरत नाहीत. दूध उकळा. हात व फडके स्वच्छ ठेवा.
२. पिशवीवरची तारीख वाचा.
३. तीन भाग बर्फ, एक भाग मीठ.
४. वितळलेले पुन्हा गोठवू नका. लगेच खाऊन टाका.
५. मधुमेह असलेल्यांनी एखादा चमचाच चाखावा.

स्वाध्याय

१. बर्फात मीठ का घालतात? दोन वाक्यांत लिहा.
२. निळा बर्फ कशासाठी असतो?
३. घरातल्या एखाद्या पिशवीवरची तारीख वाचून वहीत लिहा.
४. दूध, आंबे, साखर, बर्फ, मीठ यांचे आजचे भाव लिहा. बेरीज करून आठाने भागा. एक वाटी कितीला पडली? बाजारातल्या गोळ्याशी ताडून पाहा.
५. हे शब्द वाचा व लिहा : विरजण, चक्का, बारदान, कुटार, खडेमीठ, जंतू, तारीख.