दुखावलेला गुडघा आणि आजीचा धीर

घरांतील तरुण मुलगा अगर मुलगी खेळतांना जायबंदी झाली असतां वडील माणसांनीं तिला धीर कसा द्यावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे. धीर देणें सोपें आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसहि तसेंच वाटत असे.

वसईच्या पश्चिमेकडील एका वाडींत आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. तेथील सतरा वर्षांची मुलगी कबड्डी खेळत असे. गेल्या वर्षीं चढाई करून परततांना तिचा गुडघा पिरगळला व आंतील लिगामेंट तुटलें. डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया सांगितली, आणि तीनंतर निदान नऊ महिने सामना खेळण्यास मनाई केली. आम्ही भेटीस गेलों तेव्हां ओटीवर शेजारीपाजारी जमले होते. कोणी म्हणे, मालीश करणाऱ्याकडे न्या. कोणी म्हणे, मुलीच्या जातीला हा खेळ हवा कशाला? आम्हीं म्हटलें, "बाळ, घाबरूं नकोस. महिन्याभरांत पळूं लागशील." मुलीनें भिंतीकडे तोंड फिरविलें. आमचें बोलणें खरें नव्हतें, आणि तें तिला ठाऊक होतें.

मंडळी गेल्यावर तिची आजी राजेळी केळीं सोलीत खाटेजवळ येऊन बसली. ती म्हणाली, "बाय, रडूं आलें तर रड. नऊ महिने थोडे नव्हेत, हें मलाहि कळतें." मग तिनें सूप नातीपुढें सरकविलें. "हीं केळीं नीट मांडून दे, उन्हांत ठेवायचीं आहेत. घाईनें दोन दिवसांत काढलीं, तर वरून वाळलेलीं दिसतात आणि आंतून बुरसतात. सुकेळ्यांना जितकीं उन्हें लागतात तितकीं द्यावींच लागतात. तुझ्या गुडघ्यालाहि तितकीं देऊं." मुलगी कांहीं बोलली नाहीं, परंतु केळीं मांडूं लागली.

या आजीपासून आपणांस चार गोष्टी शिकतां येतात.

पहिली ही कीं, खरें तें सांगावें. तुटलेल्या लिगामेंटच्या जागीं शस्त्रक्रियेनें शिरेचा जो तुकडा बसवितात, तो शरीरांत मुरून बळकट होण्यास पुष्कळ महिने लागतात. सूज उतरली व दुखणें थांबलें म्हणजे गुडघा बरा झाला असें नव्हे. नऊ महिन्यांच्या आंत मैदानावर उतरणारांस पुन्हा इजा होण्याचें भय अधिक असतें. खोटी मुदत सांगितली, तर ती टळतांच मूल निराश होतें, किंवा घाई करून आणखी मोडतें.

दुसरी ही कीं, आशेला खरा आधार द्यावा. विरारच्या पृथ्वी शॉची हकीकत पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्यें राजकोट येथें आपल्या पहिल्याच कसोटींत त्यानें १३४ धावा केल्या. पुढच्याच महिन्यांत सिडनी येथें सरावाच्या सामन्यांत सीमेजवळ झेल घेतांना त्याचा घोटा दुखावला, आणि ऑस्ट्रेलियांतील एकहि कसोटी त्याला खेळतां आली नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें इंग्लंडांत नॉर्दम्प्टनशरकडून त्यानें एका डावांत २४४ धावा काढल्या. तोंच गुडघा दुखावला. सुमारें सहा महिन्यांनीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, तो रणजी सामन्यांत परतला व छत्तीसगडविरुद्ध त्यानें १५९ धावा केल्या. आपल्याच तालुक्यांतील पोराची ही गोष्ट नातवंडांस अवश्य सांगावी.

तिसरी ही कीं, औषधांत आपलें शहाणपण चालवूं नये. सांधा मुरगळल्यास पहिले दोनतीन दिवस मालीश करूं नये व शेकूंहि नये; त्यानें सूज वाढते. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहापंधरा मिनिटें लावावा, पट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा. पायावर भार देतां येत नसेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. सामने खेळणाऱ्या मुलास तर घरांतील बाटलीतलें औषधहि विचारल्याशिवाय देऊं नये. जुलै २०१९ मध्यें याच पृथ्वीवर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधांत आढळणारा निषिद्ध पदार्थ त्याच्या पोटांत अजाणतां गेला, असें क्रिकेट मंडळानें सांगितलें होतें.

चौथी ही कीं, मुलाची किंमत त्याच्या खेळावर ठरवूं नये. कित्येकदां खेळ कायमचा सुटतो. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ते अपंग झाले, आणि तो खेळ संपला. ते पोहण्याकडे वळले, व १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें त्यांनीं भारताला पॅरालिम्पिकमधील पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. सर्वांस पदक मिळणार नाहीं; परंतु घरांत आपली गरज आहे, हें प्रत्येक मुलास कळावें. आजीनें सूप पुढें सरकविलें त्याचा अर्थ हाच होता.

त्या दिवसास आतां दहा महिने झाले. सकाळ-संध्याकाळ नात व्यायाम करी, तेव्हां आजी शेजारीं बसे व दारामागें खडूनें एक रेघ ओढी. मुलगी अद्याप चढाईस उतरलेली नाहीं. डॉक्टरांनीं धांवण्यास परवानगी दिली आहे, आणि तोंवर ती लहान मुलींच्या सामन्यांचे गुण लिहावयास जाते. आम्ही पुन्हा गेलों तेव्हां तिनेंच आम्हांस त्या रेघा मोजून दाखविल्या.

विचार करण्यासाठीं प्रश्न :
१. दुखावलेल्या मुलास आपण शेवटीं काय बोललों? तें खरें होतें काय?
२. अंथरुणावरील मुलास करतां येईल असें कोणतें काम आपल्या घरांत आहे?
३. रोज त्याच्या व्यायामाच्या वेळीं शेजारीं कोण बसेल?