‘खातच नाही’ म्हणण्यापूर्वी : लहान मुलांसाठी झटपट व सकस आहार

‘आमचा बाळ्या काही खातच नाही हो!’ ही तक्रार ऐकू येत नाही असे घर आपल्या वस्तीत शोधूनच काढावे लागेल. आम्ही अशा तक्रारी करणाऱ्या मातांना एकच विचारतो, ‘सकाळपासून त्याच्या पोटात काय काय गेले ते सांगा.’ मग हिशोब निघतो. उठल्याबरोबर अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे, नऊ वाजता रडला म्हणून आणखी दोन, अकरा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानातला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. बारा वाजता भाताचे ताट समोर आले की तो तोंड फिरवतो. त्याची भूक चहा, साखर आणि मैद्याने केव्हाच मारलेली असते.

यात मातेला दोष देऊन भागणार नाही. पहाटे पाचला नळाचे पाणी भरायचे, डबे करायचे, आठची लोकल गाठायची, अशा बाईला जे चटकन हाती येते तेच ती मुलाच्या हाती देणार. सकस अन्न म्हणजे वेळखाऊ अन्न, अशी एक समजूत आपल्यात आहे. ती खरी नाही एवढेच आम्हांस येथे सांगायचे आहे.

प्रथम आमच्याच घरची चूक सांगतो. आमची थोरली मुलगी नऊ महिन्यांची असताना तिला रोज वाटीभर वरणाचे पाणी पाजले जाई. वडीलधाऱ्यांनी सांगितले होते, शेजारीही तेच करीत. वजनाच्या कार्डावरील तिची रेघ तीन महिने आडवीच राहिली. वजन करणाऱ्या नर्सबाईंनी विचारले, ‘वरणाचे पाणी मुलीला, मग खालची डाळ कोण खाते?’ आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. डाळ आम्ही खात होतो आणि पिवळे पाणी पोरीला पाजत होतो! त्या दिवसापासून पाणी आमच्या वाटीत आणि घोटलेली डाळ तिच्या वाटीत असा बदल केला. तीन महिने मात्र गेले ते गेलेच.

यामागचे गणित विद्यार्थ्यांनीही समजून घ्यावे असे आहे. मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलीटर अन्न मावते. म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात पाव लीटरच्या आतबाहेर. ती जागा पातळ पेजेने भरली तर पोट तट्ट होते, पण अंगाला काहीच लागत नाही. म्हणून बाळाचे अन्न घट्टसर हवे. चमचा तिरका केला तरी भर्रकन ओघळू नये. त्यात चमचाभर तेल किंवा तूप अवश्य घालावे. एक ग्रॅम पिठातून सुमारे 4 कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून 9. आणि पोट लहान म्हणून वेळा जास्त : सहा ते आठ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, शिवाय मध्ये एखाद-दुसरा खाऊ.

वरचे अन्न कधी सुरू करावे याबद्दल जुन्या बायका चौथा महिना सांगतात, कारण पूर्वी डॉक्टरही चार ते सहा महिने असेच सांगत. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने हे स्पष्ट केले, की पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध, नंतर वरचे अन्न आणि सोबत दोन वर्षे व पुढेही अंगावरचे दूध. पहिल्या वर्षात मीठ-साखर नको आणि मध तर मुळीच चाटवू नये.

आता वेळेचा प्रश्न. यावर उत्तम उपाय म्हणजे रविवारी करून ठेवलेले भाजके पीठ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने घरोघरी करता येईल असे एक मिश्रण बसवून दिले, ते ‘हैदराबाद मिक्स’ म्हणून ओळखले जाते. त्याचे प्रमाण गहू 40 ग्रॅम, हरभरा 16 ग्रॅम, शेंगदाणे 10 ग्रॅम आणि गूळ 20 ग्रॅम. या 86 ग्रॅममधून 330 कॅलरी आणि 11 ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिने मिळतात. आपण दहापट करावे : 400 ग्रॅम गहू, 160 ग्रॅम फुटाण्याची डाळ, 100 ग्रॅम शेंगदाणे. गहू आणि दाणे वेगवेगळे मंद आचेवर खमंग भाजावेत, दाण्यांची साले काढावीत, सर्व मिक्सरमधून बारीक करून चाळावे आणि कोरड्या डब्यात भरावे. गूळ आधी घालू नये. वर्षावरील मुलासाठी शिजवताना घालावा. काळपट किंवा बुरशी आलेला एकही दाणा आत जाऊ देऊ नये. पीठ पंधरा दिवसांत संपेल एवढेच करावे, नाहीतर दाण्यामुळे खवट होते. सकाळी दोन मोठे चमचे पीठ पाण्यात किंवा दुधात कालवून पाच-सात मिनिटे शिजवले की बाळाची न्याहारी तयार. चहाला आधण येईपर्यंत हे होते.

दुसरा डबा नाचणीचा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदूळ त्यापुढे कुठेच टिकत नाही. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, वाळवून हलकेच भाजावी व दळावी. मोडाच्या पिठाचा एक गुण फार उपयोगी आहे. घट्ट लापशीत हे चमचाभर पीठ ढवळले की ती जरा वेळात आपोआप सैल होते. पाणी न वाढवता बाळाला गिळता येते. आमच्या आजीला यातील शास्त्र ठाऊक नव्हते, पण हातून होत तेच असे.

बाकी पदार्थ घरच्याच स्वयंपाकातून निघतात. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ, त्यातच लाल भोपळ्याच्या फोडी किंवा मूठभर पालक टाकून कुकर लावावा. तिखटाची फोडणी देण्यापूर्वी मुलाचा वाटा बाजूला काढून तूप घालून घोटावा. वेगळे भांडे नाही, वेगळा गॅस नाही. ज्वारीचे पीठ आणि बेसन ताकात भिजवून, गाजर किसून घातले की दोन मिनिटांत धिरडे उतरते. वर्षावरील मुलांना पोहे द्यावेत, पण वर लिंबू पिळूनच, कारण लिंबामुळे पोह्यांतील लोह अंगी लागते. त्यावर चहा पाजला तर तेच लोह अडते. गरम भाकरी दुधात कुस्करून दिली तर त्याला काय कमी आहे? अंडे उकडायला दहा मिनिटे लागतात, तेवढ्यात मुलाची अंघोळ उरकते. जवळा स्वच्छ निवडून, गरम पाण्यातून काढून, तव्यावर परतून त्याची पूड करावी आणि चिमूटभर खिचडीत घालावी. हा गरिबाचा पदार्थ म्हणून कोणी नाक मुरडू नये. भात मात्र रात्रीचा सकाळी मुलाला घालू नये; उन्हाळ्यात तर नाहीच.

आपल्यापैकी कित्येक विद्यार्थिनींवर संध्याकाळी धाकट्या भावंडाला भरवण्याची जबाबदारी असते. (विद्यार्थी बंधूंनाही हे काम जमते, आमच्या घरी लापशी घोटण्याचे काम मुलाकडेच आहे.) त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावेत. आणि मुलाला त्याच्या स्वतंत्र वाटीत वाढावे. मोठ्यांच्या ताटात त्याचे किती गेले हे कळत नाही. नवीन चव त्याने थुंकली तर दोन दिवसांनी पुन्हा द्यावी. दामटून भरवू नये.

अंगणवाडी 1975 पासून आपल्या दारी आहे, तिथे दरमहा वजन करून घ्यावे. सेविकेजवळ दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 12.5 सेंटिमीटरच्या खाली आला तर ते कुपोषण समजावे, 11.5 च्या खाली गेला तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठावा. अशा मुलाला घरच्या लापशीवर ठेवून वाट पाहू नये.

जुलाब-तापात मुलाचे अन्न तोडण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. आजारात थोडे थोडे, पण देत राहावे, अंगावरचे दूध तर चालूच ठेवावे. आणि बरे वाटू लागले की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. भाजक्या पिठाचा डबा त्या दिवसांसाठी आधीच भरलेला असावा.