यज्ञपत्नी आणि कंसाला भ्यालेले नवरे



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २३

कालच्या अध्यायात आपण यमुनेकाठी होतो. आजही तिथेच आहोत, फक्त आज गोपाळांना कडकडून भूक लागली आहे. हा अध्याय कीर्तनात नेहमी भक्तीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण लग्न झालेल्यांनी आणि लग्नाचा बायोडेटा नुकताच तयार केलेल्यांनी तो आणखी एका अंगाने वाचावा. हा अध्याय नवरा-बायकोचाही आहे.

कथा थोडक्यात

जवळच काही ब्राह्मण स्वर्गाच्या इच्छेने मोठं सत्र करत होते. कृष्णाने गोपाळांना तिथे अन्न मागायला पाठवलं. ब्राह्मणांनी ना होकार दिला, ना नकार. जणू ऐकूच आलं नाही. मुलं हिरमुसून परत आली. कृष्ण हसला आणि म्हणाला, आता त्यांच्या पत्नींकडे जा.

बायकांनी कृष्णाबद्दल पुष्कळ दिवस ऐकलं होतं. निरोप मिळताच त्यांनी चारही प्रकारचं अन्न भांड्यांत भरलं आणि त्या निघाल्या. नवरे आडवे आले, भाऊ आडवे आले, मुलंसुद्धा आडवी आली. त्या थांबल्या नाहीत. एकीला मात्र नवऱ्याने धरून ठेवलं. तिने मनातच कृष्णाला कवटाळलं आणि देह सोडला.

बाकीच्या पोहोचल्या. कृष्णाने त्यांचं स्वागत केलं आणि सांगितलं, आता परत जा, तुमच्याशिवाय तुमच्या नवऱ्यांचा यज्ञ पुरा होणार नाही. त्या म्हणाल्या, आम्ही सगळ्यांना ओलांडून आलो, आता घरचे आम्हाला घेणार नाहीत. कृष्णाने शब्द दिला की कोणी दोष देणार नाही. तसंच झालं. त्या परतल्या आणि नवऱ्यांनी त्यांच्यासह यज्ञ पूर्ण केला.

पहिली गोष्ट: यज्ञ एकट्याचा नाही

वेद नवऱ्यांना पाठ, मंत्र नवऱ्यांचे, आसन नवऱ्यांचं. तरी बायको नसेल तर यज्ञ अडतो. आपल्याकडे सत्यनारायणाला बायको नवऱ्याच्या हाताला हात लावून बसते, ते याच विचारातून आलं आहे. कर्म दोघांचं, म्हणून ती सहधर्मचारिणी.

आता विचार करा. पूजेत हात लावायला ती हवी, आणि पूजेचा स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांचा चहा हेही तिचंच. मग आरतीच्या वेळी ती कुठे असते? बहुतेक घरांत गॅसजवळ. हे 'सह' कसलं?

सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी ८१ जणी घरचं बिनपगारी काम करतात, पुरुषांपैकी २६ जण. जे करतात त्यांच्यातही तिची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, त्याची ९७. रोज नामजपाला वेळ मिळत नाही असं एखादी म्हणते, तेव्हा तिची श्रद्धा कमी आहे असं समजण्याआधी हे आकडे आठवा.

आमच्या फुलचूर-गोंदियाकडे पाऊस लागला की धानाची रोवणी सुरू होते. दिवसभर वाकून पऱ्हे लावणाऱ्या बहुतेक बायाच असतात. संध्याकाळी दोघंही चिखलातूनच घरी येतात. तो पाय धुऊन बसतो, ती पाय धुऊन चूल पेटवते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये चिखल नाही, लॅपटॉप आहे. बाकी चित्र फार बदललेलं नाही.

दुसरी गोष्ट: नवऱ्यांना कळलं होतं

अध्यायाचा शेवट अनेकदा घाईत वाचला जातो. बायका परतल्यावर त्या विद्वानांना पश्चात्ताप होतो. ते म्हणतात, धिक्कार असो आमच्या जन्माचा, विद्येचा, व्रतांचा. यांचा ना उपनयन संस्कार झाला, ना यांनी गुरूकडे राहून शिक्षण घेतलं, तरी यांना जे उमगलं ते आम्हाला उमगलं नाही.

इतकं कळल्यावर ते धावत कृष्णाकडे जायला हवे होते ना? ते गेले नाहीत. त्यांना जायचं होतं, पण कंसाची भीती वाटली.

मंडळी, इथे थांबा. त्यांची अडचण अज्ञान नव्हती. सत्य समजलं होतं, मान्यही होतं, फक्त ते चारचौघांत करायची छाती नव्हती.

आजच्या भाविक तरुणाचं असंच होतं बरं का. पुण्यात दोघंच असतात तेव्हा तो भांडी घासतो, कणीक मळतो, बाळाचे लंगोट बदलतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियाला उतरलं, घरात आई, काका, आत्या जमल्या की तोच मुलगा सोफ्यावरून "पाणी आण गं" म्हणतो. तो वाईट नाही. त्याला भीती वाटते. 'बायकोच्या मुठीत गेला' हे एक वाक्य त्याचा कंस आहे. आणि ते वाक्य खरंच बोललं जातं, कधी आईच बोलते, म्हणून ही भीती खोटी नाही. पण कंसाची भीतीही खोटी नव्हती. बायका त्याच राज्यात राहत होत्या, तरी गेल्या.

मुलांवरही अपेक्षांचं ओझं आहे. पगार किती, फ्लॅट कुठे, कर्ज कोण फेडणार, आणि रडायचं मात्र नाही. हेही त्याच कंसाचं राज्य. बायकोचा भार वाटून घेणाऱ्याला आपला भारही तिच्याशी बोलता येतो.

तिसरी गोष्ट: धरून ठेवणारा हात

संत बहिणाबाई शिऊरकर (१६२८–१७००) यांचं आयुष्य या अध्यायाशेजारी ठेवून वाचावं. देवगावात जन्म, अगदी लहानपणी वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनाला त्या जात, सोबत त्यांचं लाडकं वासरू असे. तुकोबांनी स्वप्नात त्यांना अनुग्रह दिला. वैदिक नवऱ्याला हे सहन झालं नाही. बायको शूद्राला गुरू मानते आणि लोक तिला पाहायला येतात! त्याने तिला मारलं, बांधून ठेवलं, सोडून जायचंही ठरवलं. पुढे तो आजारी पडला, तिने सेवा केली, त्याचं मन पालटलं आणि दोघं देहूला तुकोबांच्या दर्शनाला गेले. हे सगळं त्यांनी आपल्या अभंगांत सांगून ठेवलं आहे. पतिव्रताधर्मही सांगितला आणि मारही लपवला नाही.

यातून 'सहन कर, एक दिवस तो सुधारेल' असा उपदेश काढू नका. बहिणाबाई थोर झाल्या त्या भक्तीमुळे, माराने नव्हे. भागवतातल्या त्या एकीला मुक्ती मिळाली, पण धरून ठेवणाऱ्याच्या हाती काय लागलं? कन्यादानाच्या वेळी 'नातिचरामि' हे वचन नवरा देतो: धर्मात, अर्थात, कामात तिला डावलणार नाही. हात उगारणारा ते वचन मोडतो. कुणाच्या घरी हे घडत असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मदत मागितल्याने पातिव्रत्य भंगत नाही.

आजचा संकल्प

मुलांनो, पुढच्या वेळी गावी गेलात की सगळ्यांसमोर, आईच्या देखत, जेवणानंतरची ताटं उचला. भाषण नको, फक्त उचला. आणि आरतीच्या वेळी गॅस बंद करून तिला बाहेर बोलवा. आईलाही.

मुलींनो, जपाची माळ हातात घेताना 'आधी सगळ्यांचं आवरू दे' असं रोज म्हणत असाल, तर आज पंधरा मिनिटं आधी स्वतःची ठेवा. यज्ञपत्नी परतल्या तेव्हा त्यांचं घर मोडलं नव्हतं, यज्ञ पूर्ण झाला होता.

ज्यांचं लग्न ठरतंय त्यांनी पत्रिकेबरोबर एक प्रश्न विचारावा: घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरात कोण कोण असेल?

पांडुरंगा, जे कळलं आहे ते चारचौघांत करायची ताकद दे.

राम कृष्ण हरी!