गोडाची ओढ आणि खरा संयम



उपवासकाळात आपल्यापैकी पुष्कळ जण गोड पदार्थ वर्ज्य करतात. हा त्याग चांगलाच आहे. परंतु ईस्टरच्या दिवशी आपण केकवर तुटून पडत असू, तर ते चाळीस दिवस आपण मनाला वळण लावले की नुसते अडवून धरले, हा प्रश्न उरतोच.

१. साखरेचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, प्रौढ माणसाने वरून घातलेली साखर (मध व फळांचा रस धरून) दिवसाला ५० ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे १२ लहान चमच्यांच्या आत ठेवावी. २५ ग्रॅमवर आणता आली तर अधिक उत्तम. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा घेतले की आठ चमचे झाले. बिस्किटे आणि थंड पेये अजून मोजायचीच आहेत. साखर एकदम बंद करण्यापेक्षा दर आठवड्याला चहातील अर्धा चमचा कमी करावा. जीभ हळूहळू शिकते.

२. मोह की आजार?

काहींचा त्रास याहून खोल असतो. भूक नसताना भराभर, पोट दुखेपर्यंत खाणे. हात थांबवता न येणे. लाजेने एकट्यानेच खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस वाटणे. असे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने घडत असेल तर तो ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ नावाचा आजार असू शकतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली.

तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्यांनी दोन माणसांत फरक केला आहे. एक जण ठरवून चैन करतो व त्याला पश्चात्ताप होत नाही. दुसऱ्याचा निश्चय चांगला असतो, पण वासनेपुढे तो हरतो आणि हळहळतो. हा दुसरा सुधारू शकतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही हा फरक मान्य केला. म्हणून अशा व्यक्तीला ‘खादाड’ म्हणून हिणवू नये. लाज वाढली की चोरून खाणेही वाढते.

३. काय करावे?

• जास्त खाल्ले म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नये. उपाशी पोटीच पुढचा झटका येतो. तीन वेळा जेवावे व मध्ये दोनदा थोडे खावे.

• ओढ लाटेसारखी चढते आणि ओसरते. तेवढा वेळ स्वयंपाकघरातून बाहेर पडावे, कोणाशी तरी बोलावे.

• त्रास नेहमीचा असेल तर घरात विश्वासाच्या माणसाला सांगावे व डॉक्टरांना भेटावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नये.

• राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार ह्या दिवशी ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम १८ ते ५९ वर्षे वयाच्यांसाठी आहे. आजारी माणसावर त्याची सक्ती नाही. हा आजार असलेल्यांनी दुसरा त्याग निवडावा: आजाऱ्याची भेट, टीव्हीचा एक तास. हा त्याग कमी प्रतीचा नाही.

कुटुंबात चिंतनासाठी:

१) आपल्या घरी दिवसाला किती चमचे साखर लागते?

२) आपल्या थट्टेमुळे कोणी चोरून खात तर नाही ना?